न उघडणाऱ्या फायली

(सल्लाकेंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पुरावा आणि कायदा' असं छापलं आहे. कायद्याबद्दल सकाळी वकीलताई सविस्तर बोलल्या. मी त्याच्या आधीच्या पायरीवर बोलणार आहे. बाईच्या फोनमधला पुरावा आपल्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर येईपर्यंत मधल्या वाटेत त्याचं काय होतं, याबद्दल. सरळ सांगायचं तर, फोनवरून फॉरवर्ड केलेल्या मेलबरोबरची अटॅचमेंट उघडत नाही तेव्हा काय करायचं, याबद्दल.

विषय क्षुल्लक वाटेल. मघाशी चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्याच, "हे तर आमचा मुलगा करून देतो." देत असेल. पण एखादीच्या पाठीवरच्या वळांचे फोटो आपण आपल्या मुलाच्या हातात द्यायचे का, याचं उत्तर आधी शोधावं लागेल. मी स्वतः समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलं. दोन वर्षं फील्डवर्क केलं, वह्याच्या वह्या अहवाल लिहिले. केसपेपर कसा ठेवायचा हे शिकवलं, पण केसपेपरमधला फोटो उघडलाच नाही तर काय, हे कुणी शिकवलं नाही. ते मला एका बाईने शिकवलं, आणि तिचं त्यात नुकसान झालं. तीच गोष्ट आधी सांगते. नाव, गाव सांगणार नाही.

ही ताई कपड्याच्या दुकानात कामाला होती. नवरा मारायचा, आणि मारून झालं की तिचा फोन तपासायचा. तिने स्वतःच एक युक्ती काढली होती. मार बसला की न्हाणीत जाऊन फोटो काढायचा, तो आपल्याच मेलच्या पत्त्यावर पाठवायचा आणि गॅलरीतून पुसून टाकायचा. असं ती सात-आठ महिने करत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण शिबिरं घेऊन 'कागदपत्रं जपा' म्हणून सांगतो, तिने ते आपल्याआधीच सुरू केलं होतं.

मग ती एकदा केंद्रात आली. मी म्हटलं, "जे काय आहे ते आमच्या मेलवर पाठवा." एवढंच म्हटलं. कसं पाठवा, कुठून पाठवा, काहीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर एसटी स्टँडवर बसून तिने एकामागून एक जुन्या मेल आम्हाला फॉरवर्ड केल्या. गाडी यायला वीस मिनिटं होती, नेटवर्क जेमतेम. आदल्या रात्री घरात तोडफोड झाली होती, त्याचा व्हिडिओही तिने नव्या मेलला जोडून पाठवला. 'पाठवा'वर बोट दाबलं, गाडी आली, आणि घरी पोचायच्या आत तिने व्हिडिओ गॅलरीतून पुसला. आठवड्याने नवऱ्याने फोन मागितला, तेव्हा मेलबॉक्समधल्या त्या जुन्या मेलही पुसल्या. गेल्या असणारच आम्हाला, असं तिला वाटलं.

आता आमची बाजू. आमच्या केंद्राची मेल तेव्हा एकच मुलगी बघायची, तीही आठवड्यातून एकदा. मध्ये दिवाळी आली. आम्ही तिच्या मेल उघडल्या एकोणिसाव्या दिवशी! आणि उघडल्या तर काय, जवळजवळ काहीच उघडेना. एका फाइलचं आकारमान शून्य, एकीवर 'हा प्रकार चालत नाही' अशी पाटी, एक पासवर्ड मागते, एकीत नुसता अक्षरांचा काला. जिथे आम्हाला कागद द्यायचे होते त्या कचेरीत मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, तर तिथल्या साहेबांनी दोन फायलींवर टिचकी मारली आणि म्हणाले, "सगळं करप्ट आहे मॅडम. बाईला पुन्हा पाठवायला सांगा."

तिला फोन करणं धोक्याचं होतं, म्हणून बहिणीकडून निरोप धाडला. तिला सुट्टी मिळून ती येईपर्यंत व्हिडिओ पुसल्याला चौतीस दिवस झाले होते. मी तिला साहेबांचेच शब्द सांगितले, फायली करप्ट आहेत म्हणून. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "म्हणजे माझे फोटो खोटे आहेत म्हणताहेत का ते?"

करप्ट म्हणजे भ्रष्ट, लाचखोर. पेपरात आपण हा शब्द त्याच अर्थाने वाचतो. एकदा माराची शिक्षा, आणि वर तिचे फोटोही भ्रष्ट! तेव्हापासून मी हा शब्द बाईसमोर वापरत नाही. 'फाइल उघडत नाही' म्हणते. आणि ते जास्त खरंही आहे, कारण त्या दिवशी आम्ही शांतपणे बसून एकेक फाइल पाहिली तेव्हा कळलं की खरोखर बिघडलेल्या अशा फार थोड्या होत्या. बाकीच्या चांगल्या होत्या, आम्हालाच त्या उघडता येत नव्हत्या.

पासवर्ड मागणारी पीडीएफ म्हणजे तिच्या खात्याचं बँकेचं स्टेटमेंट. बँका असे कागद कुलूप लावूनच पाठवतात, आणि किल्ली काय हे बहुतेक वेळा मूळ मेलच्या मजकुरातच लिहिलेलं असतं. फॉरवर्ड करताना तिने मजकूर खोडून नुसती फाइल पाठवली होती. ई-आधारचंही असंच असतं. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. हे माहीत नसलं की आपण म्हणतो फाइल बिघडली.

'प्रकार चालत नाही' असं म्हणणारा फोटो तिच्या भाचीने आपल्या आयफोनवर काढलेला होता. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतात. जागा कमी लागते म्हणून. आपल्याकडच्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरला तो ओळखता येत नाही. मेल करताना फोन पुष्कळदा त्याचं जेपीजी करून देतो, पण प्रत्येक वेळी देतोच असं नाही. अशा वेळी मूळ फाइल तशीच ठेवायची आणि बघण्यापुरती तिची जेपीजी प्रत करून घ्यायची. भाचीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडला की पुढचे फोटो थेट जेपीजीत निघतात.

नवऱ्याने व्हॉट्सॅपवर शिव्या आणि धमक्या रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या, तो आवाज ओपस प्रकारात होता. आमच्या कॉम्प्युटरवरच्या वाजवायच्या प्रोग्रॅमला तो वाजेना. व्हीएलसी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात लगेच वाजला. तो आवाज आमच्या त्या छोट्या खोलीत घुमला तेव्हा ती उठून बाहेर गेली. हेही लक्षात ठेवा. फाइल उघडते का हे तपासताना बाई समोर असेल तर आधी तिला विचारा, आणि कानाला लावायचे हेडफोन ठेवा.

अक्षरांच्या काल्याची गंमत वेगळीच. तो तिचा तक्रार अर्ज होता, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलेला. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करतात. त्या फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागा असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फोनमध्ये तो फॉन्ट नसला की कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं असं सगळं एकात एक दिसतं. फाइल धडधाकट असते. टायपिस्टदादांना सांगायचं, "आम्हाला पीडीएफ करून द्या." पीडीएफ करताना फॉन्ट बहुतेक वेळा आतच बसवला जातो. आणि पुढचा अर्ज युनिकोडमध्ये टाइप करून मागा, तो कुठेही वाचता येतो.

उरले ते शून्य आकाराचे फोटो. हे मात्र खरोखर वाटेत हरवलेले होते. ते का हरवले हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, तुम्हीही पाच मिनिटं द्या.

मेलची व्यवस्था मुळात साधी इंग्रजी अक्षरं नेण्यासाठी तयार झालेली. फोटो, आवाज, मराठी मजकूर तिला जायचा नाही. १९९२ साली 'माइम' नावाची पद्धत ठरली. त्या पद्धतीने फाइलचे तुकडे करून त्यांचं अक्षरांत रूपांतर होतं, आणि पलीकडे पुन्हा जोडणी होते. आपण लोखंडी पलंग एसटीच्या पार्सलने पाठवतो तेव्हा तो सुटा करून, बोल्ट पुडीत बांधून पाठवतो ना, तसं. सोबत एक चिठ्ठी असते. आत काय आहे, त्याचं नाव काय, ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तिच्यात असतं. चिठ्ठी फाटली किंवा एक पुडी मागे राहिली की पलीकडे पलंग उभा राहत नाही.

या सुटं करण्यात सामान वाढतं. दर तीन बाइटमागे चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल साधारण २७ एमबीची होते. म्हणून एखाद्या कचेरीच्या मेलची मर्यादा २५ एमबी असेल तर आपली २० एमबीची फाइलही तिथे परत फिरू शकते, आणि आपण म्हणत बसतो, २५ च्या आत तर होती! जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठं काही पाठवलं तर फाइल जातच नाही. ती गूगल ड्राइव्हवर ठेवून नुसता दुवा जातो. पलीकडच्या माणसाला परवानगी दिलेली नसली तर दुव्यावर टिचकी मारून दार बंदच मिळतं. आणि आपण ड्राइव्हवरून फाइल पुसली तर दुवा पोकळ होतो.

चिठ्ठी बिघडते ती पुष्कळदा फाइलच्या नावामुळे. आपण प्रेमाने मराठीत लांबलचक नाव देतो, मध्ये ठिपके, तिरक्या रेघा. मराठी नाव न्यायची रीत आहे, पण सगळे जुने प्रोग्रॅम ती पाळत नाहीत. मग पलीकडे फाइल 'नोनेम' म्हणून उतरते, किंवा नावाच्या शेवटचं डॉट जेपीजी, डॉट पीडीएफ हे शेपूट गळून पडतं. शेपूट नसलं की कॉम्प्युटरला कळत नाही हिला कशाने उघडायचं. अशा फाइलची एक प्रत काढा, प्रतीला योग्य ते शेपूट पुन्हा लावा, बऱ्याचदा उघडते. कोणतं शेपूट लावायचं हे कळत नसेल तर ती प्रत नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा. पीडीएफ असेल तर अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही इंग्रजी अक्षरं दिसतात. आणि तिथे जर 'एचटीएमएल' दिसलं तर समजा, तुम्ही फाइल उतरवलीच नाही, लॉगिनचं पान उतरवलंय. हे माझ्या हातून दोनदा झालंय. फक्त नोटपॅडमधून ती प्रत 'सेव्ह' करू नका, नाहीतर चांगली फाइल आपणच बिघडवाल.

कधी कधी मोठ्या कचेऱ्यांकडून 'विनमेल डॉट डॅट' नावाची एकच फाइल येते. ते आउटलुकच्या एका सेटिंगमुळे होतं. त्यांना एवढंच कळवायचं की साध्या मजकुरात किंवा एचटीएमएलमध्ये पुन्हा पाठवा.

आता फोन. फोनमधलं मेलचं अॅप सगळी मेल फोनमध्ये आणून ठेवत नाही. जागा वाचवायला आणि नेट वाचवायला ते जुन्या मेलचा फक्त मजकूर आणतं. अटॅचमेंट लांब सर्व्हरवरच असते, फोनमध्ये दिसते ती तिची खूण. आपण फॉरवर्ड करतो तेव्हा काही अॅप सर्व्हरलाच सांगतात की तू तिकडच्या तिकडे जोडून दे. अशा वेळी फार अडचण येत नाही. काही अॅप मात्र आधी फाइल फोनवर ओढतात आणि मग पुन्हा वर चढवतात. नेट मध्येच तुटलं तर अर्धवट फाइल, किंवा नुसतं नाव आणि आत शून्य. ताई फोनबरोबर आलेलं असंच एक अॅप वापरत होती. सात महिन्यांपूर्वीच्या मेल, स्टँडवरचं नेट. तिने सगळं बरोबर केलं होतं. बोट योग्य ठिकाणी दाबलं होतं. फोनने तिला काही सांगितलंच नाही.

म्हणून फोनवरूनच फॉरवर्ड करायचं असेल तर आधी प्रत्येक अटॅचमेंटवर बोट ठेवून ती पूर्ण उघडू द्या, फोटो डोळ्यांनी स्वच्छ बघा, मग फॉरवर्ड करा. त्याहून बरं म्हणजे आपल्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर बाईला तिची मेल उघडू द्या आणि तिथून फाइल उतरवा. काम झालं की लॉगआउट. पासवर्ड 'लक्षात ठेवू का?' असं कॉम्प्युटर विचारतो, त्याला नाही म्हणायचं. व्हॉट्सॅपवरून फोटो मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॅप त्याला दाबून लहान करतं आणि फोटो कधी काढला वगैरे आतली माहिती गळते.

पाठवून झालं की दोन्हीकडचं आकारमान ताडून बघा. तिकडे ३.२ एमबी आणि इकडे ३.२, तर ठीक. इकडे १४ केबी आलं असेल तर पुन्हा पाठवा. यासाठी कुणी तज्ज्ञ लागत नाही, भाजी घेताना काट्याकडे बघतो तसं बघायचं.

त्या दिवशी आम्ही तिची मेल कॉम्प्युटरवर उघडली. मेलबॉक्स रिकामा होता. मग 'ट्रॅश' उघडला. जीमेलच्या कचरापेटीत पुसलेली मेल तीस दिवस राहते, मग कायमची जाते. तिने मेल पुसल्या होत्या फोटो पाठवल्यानंतर आठवड्याने, म्हणजे सत्तावीस दिवस झाले होते. फोटो होते! सगळे, पूर्ण, तारखेनिशी. तीन दिवस उशीर झाला असता तर काहीच नव्हतं.

व्हिडिओ मात्र गेला. तो मोठा होता, मेल तिच्या फोनच्या 'आउटबॉक्स'मध्ये अडकून पडली होती. आउटबॉक्स नावाची जागा असते हे तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, मीही तोवर कधी तिथे डोकावले नव्हते. गॅलरीच्या कचरापेटीतही तीस दिवसांचीच मुदत होती आणि तिला चौतीस झाले होते. आम्ही तिच्या मेल चौथ्या दिवशी उघडल्या असत्या तर व्हिडिओ आलाच नाही हे तेव्हाच कळलं असतं, आणि तो परत काढता आला असता. एकोणिसाव्या दिवशी उघडल्या तरीही तडक निरोप पोचवण्याची काही सोय आधीच ठरवली असती तर आला असता. आमच्या मासिक बैठकीत यावर वाद झाला. एक कार्यकर्ती म्हणाली, बायकांना तंत्रज्ञान शिकवलं पाहिजे. मी म्हटलं, शिकवूया, पण या केसमध्ये बाईचं काय चुकलं ते दाखव. तिने पाठवलं. घेणारे आम्ही होतो, आणि आम्ही उघडून बघितलं नाही. नोंदणीपत्र घरात पडून राहिलं तर आपण पोस्टमनला दोष देत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. बाईने काही पाठवलं की त्याच दिवशी उघडायचं. नुसतं 'मेल मिळाली' असं कळवायचं नाही. 'पाच फोटो, एक आवाज, सगळे उघडले' असं मोजून, आणि ठरलेल्या सुरक्षित वाटेनेच कळवायचं. हा निरोप येईपर्यंत तिने काही पुसायचं नाही, किंवा पुसावंच लागलं तर कचरापेटी रिकामी करायची नाही. हे तिला पहिल्या भेटीतच सांगायचं.

पुसण्याबद्दल आणखी एक. गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि वरच्या साठवणीतूनही जातो. पुष्कळ बायकांना वाटतं, एकीकडून पुसलं तरी दुसरीकडे आहे. आणि पुष्कळींना उलटं वाटतं, की फोनमधून पुसलं म्हणजे नवऱ्याला दिसणार नाही. त्यांचं खातं त्यानेच दुकानात उघडून दिलेलं असतं आणि ते त्याच्याही फोनवर चालू असतं! मग पाठवलेली प्रत्येक मेल 'सेंट'मध्ये त्याला दिसते. गूगल खात्याच्या सुरक्षा भागात कोणकोणत्या फोनवर हे खातं उघडं आहे त्याची यादी मिळते. पुरावा मागण्याआधी ती यादी तिच्याबरोबर बघा. अनोळखी फोन दिसला तर घाईने काढून टाकू नका, त्याला लगेच कळेल. आधी तिच्या सुरक्षिततेचं ठरवा. हवं तर नवं खातं उघडा.

आता कायद्याचं थोडंसं, कारण फॉरवर्ड केलेली मेल आणि मूळ मेल यांत कोर्टाच्या दृष्टीने फरक आहे. नवऱ्याने धमकीची मेल पाठवली आणि बाईने ती आपल्याला फॉरवर्ड केली, तर आपल्याकडे आलेली मेल बाईची असते. 'अमुकने अमुक तारखेला लिहिलं' ही आतली ओळ म्हणजे साधा मजकूर, तो कुणीही बदलू शकतं. आणि समोरचा वकील नेमकं तेच म्हणणार. कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाली हा प्रवास मूळ मेलच्या शीर्षभागात नोंदलेला असतो, फॉरवर्ड करताना तो मागे राहतो. म्हणून मूळ मेल पुसायची नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून त्या मेलच्या तीन ठिपक्यांत 'डाउनलोड मेसेज' म्हटलं की आख्खी मेल ईएमएल फाइल म्हणून उतरते, शीर्षभागासकट. तिथेच 'फॉरवर्ड अॅज अटॅचमेंट' हाही पर्याय आहे.

जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून एक खटला चालला, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण कोर्टासमोर न आणता प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता कलम ६३ आणि प्रमाणपत्राचे दोन भाग. एक आपल्या पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये एका ठिपक्याचा बदल झाला तरी अंगठा बदलतो. व्हॉट्सॅपने दाबलेला फोटो आणि मूळ फोटो डोळ्यांना सारखे दिसतील, अंगठे वेगळे येतील. आपण 'फाइल दुरुस्त' करायला इंटरनेटवरची कुठलीही साधनं वापरतो तेव्हाही अंगठा बदलतो. म्हणून मी मघापासून 'प्रत काढा' म्हणतेय. आणि त्या फुकट दुरुस्तीच्या साइटवर फाइल चढवायची म्हणजे बाईचे फोटो परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. ते तर मुळीच करू नका.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २८ नुसार कोर्टाला आपली कार्यपद्धती ठरवायची मुभा आहे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एवढं काटेकोर विचारतीलच असं नाही. पण त्याच बाईची फौजदारी केसही पुढे उभी राहू शकते. आणि बाईचा फोन जुना झाला, काच फुटली म्हणून विकू देऊ नका. मूळ जे आहे ते त्याच्यातच आहे.

तुम्ही विचाराल, तिच्या केसचं काय झालं. फोटो लागले, अंतरिम पोटगी झाली, बाकी तारखा चालू आहेत. त्या रात्रीच्या तोडफोडीबद्दल मात्र तिच्या शब्दाशिवाय काही नाही, आणि उलटतपासणीत तिला त्यावरच सगळ्यात जास्त छेडलं. परवा ती केंद्रात आली होती, नव्या आलेल्या एका बाईला सोबत घेऊन. निघताना दारात थांबून मला म्हणाली, "ताई, तो व्हिडिओ आता खरंच कुठेच नसेल ना?" मी नाही म्हटलं.

बरं. आता बोलणं पुरे. दोघी-दोघींच्या जोड्या करा, शक्यतो आपल्या केंद्रातलीबरोबर नको. प्रत्येकीने आपल्या चपलेचा एक फोटो काढायचा, दहा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करायचा, आणि स्वतःला मेल करायचा. मग तीच मेल फोनवरून जोडीदारणीला फॉरवर्ड करायची. मागच्या रांगेत नेट कमी येतं, तिथल्यांनी तिथेच बसा, तेच हवंय. घेणारीने सांगायचं, किती आल्या, किती उघडल्या, आकार किती. ज्यांचं उघडणार नाही त्यांनी फोन घेऊन इकडे पुढे या. आधी आउटबॉक्स बघू.